मूळ पुस्तकात नसलेलं प्रकरण

अनुवादित पुस्तकाचं परीक्षण कसं लिहितात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आधी मूळ लेखकाची थोरवी. मग सगळी गोष्ट, अगदी शेवटी नायिका मरते की जगते त्यासकट, म्हणजे पुस्तक विकत घ्यायची कुणाला गरजच उरू नये. मग समाजाचं भेदक चित्रण. आणि शेवटच्या परिच्छेदात, मुद्रणदोष आणि मुखपृष्ठ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, आम्ही. 'अनुवाद ओघवता उतरला आहे.' संपलं. फारच खूश झाले तर 'अनुवाद वाटतच नाही.' हे म्हणे आमचं सगळ्यात मोठं कौतुक. पोटभर जेवून उठलेल्या पाहुण्यानं 'वहिनी, हे तुम्ही केलंय असं वाटतच नाही' म्हणावं आणि आपण पदराला हात पुसत हसून दाखवावं, अशातली ती गत.

मी कानडीतून मराठीत पुस्तकं आणायला लागले ती नव्वदच्या दशकात. माझं माहेर शिरोळकडचं, नदीकाठचं. घरात कानडी, शाळेत मराठी आणि भांडण दोन्हींत, असं आमचं चालायचं. लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले. यजमानांचं गुळाचं आणि भुसाराचं दुकान खाली, आम्ही वर. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी टेबल ओढून मी बसायची. खालून गुळाचा वास यायचा आणि वर मी एका भाषेतली माणसं दुसऱ्या भाषेत उतरवून घ्यायची. मला ते काम मनापासून आवडायचं. आवडायचं नाही ते त्यानंतर रविवारच्या पुरवणीत जे छापून यायचं ते.

एकदा एका परीक्षकांचा फोन आला. "ताई, पुस्तक मिळालं. पण सध्या पेपर तपासणीचं काम आहे. तुम्हीच दोन पानं टिपण पाठवा की, म्हणजे मला सोपं जाईल." मी पाठवलं. पंधरवड्यानं परीक्षण आलं ते माझंच टिपण, शब्दाला शब्द, खाली त्यांचं नाव. स्वतःची अशी एकच ओळ त्यांनी त्यात घातली होती. 'अनुवाद अधिक काटेकोर असता तर बरे झाले असते.' मी पेपर यजमानांपुढे टाकला. ते म्हणाले, "आगं पण फोटू चांगला छापलाय की." फोटो पुस्तकाचा होता.

दुसऱ्या एकांना माझ्या मराठीत 'कानडी वळण खटकले'. मी घरात कानडी बोलते हे त्यांना प्रकाशन समारंभात कळलं होतं, तेव्हापासून खटकायला लागलं असणार. उदाहरण म्हणून दिलेलं वाक्य मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून जसंच्या तसं उचललं होतं. सासूबाईंचा जन्म कोडोलीचा, त्यांना कानडीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

तरीही हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. वाक्य चांगलं साधलं तर लेखकाची प्रतिभा, फसलं तर अनुवादिकेची मर्यादा, हा हिशेब मी मान्यच करून टाकला होता. पण मग अक्कांचं पुस्तक आलं.

अक्का म्हणजे अथणीकडच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जन्मभरात मोजकं लिहिलं, त्यातली एकच कादंबरी. कर्नाटकात ती गाजली, दिल्लीच्या कुणीतरी ती इंग्रजीत नेली. मी परवानगी मागायला गेले तेव्हा त्या सत्तरीच्या आसपास असतील. पाहिल्या पाहिल्या 'तंगी' म्हणाल्या, म्हणजे धाकटी बहीण, आणि जेवल्याशिवाय बोलणं काढू दिलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "कर. मराठीत जाऊ दे. माझी आई मिरजेकडची होती. फक्त एक कर, ते प्रकरण गाळू नकोस. इंग्रजीत गाळलं. मला कुणी विचारलंदेखील नाही. वर्षभरानं भाच्यानं वाचून सांगितलं तेव्हा कळलं."

कोणतं प्रकरण हे मला विचारावं लागलं नाही. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून पुरतात. कादंबरीत आईची तरणीताठी लेक तापानं जाते आणि तिला न्यायच्या आधी आई तिची वेणी घालते. एवढंच त्या प्रकरणात आहे. आजारपणात केसांच्या जटा झालेल्या असतात, त्या आई तेल लावून एकेक सोडवते. बाहेर पुरुष माणसं घाई करतात, स्वामी आलेत म्हणतात, ऊन चढलं म्हणतात. ही ऐकत नाही. भिंतीला टेकवून बसवलेली पोरगी सारखी कलते तेव्हा, शाळेच्या घाईत दटावावं तसं, दटावते, "मान सरळ ठेव."

दिल्लीतल्या संपादकांना म्हणे तिथं कादंबरीचा वेग मंदावल्यासारखा वाटला.

"बाकीचं सगळं मी रचलेलं आहे," अक्का म्हणाल्या. "ते रचलेलं नाही." आतल्या खोलीत एका मुलीचा फोटो होता. मी तो येतानाच पाहिला होता. मी त्यांना शब्द दिला, आणि पुढं बाकीच्या कादंबरीला लागले नाहीत इतके कष्ट मला त्या एका प्रकरणाला लागले. ते मी कानडीत वाचायची, पुस्तक मिटायची, आणि माझ्या आईनं हे मराठीत कसं म्हटलं असतं ते आधी मोठ्यानं बोलून बघायची. एकदा यजमान खालून वर आले आणि कुणाशी बोलतेस म्हणून विचारायला लागले.

पुस्तक निघालं. आमचे प्रकाशक म्हणजे लग्नपत्रिका छापणारे एक भले गृहस्थ, लग्नसराई सरली की पुस्तकं काढायचे. त्यांनी नेहमीप्रमाणे पुरवणीकडे दोन प्रती पाठवल्या आणि यावेळी परीक्षण कोल्हापुरातल्या सगळ्यात दबदबा असलेल्या समीक्षकांकडे गेलं. ते मराठीचे प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. सरांनी पुस्तक वाचलं होतं, हे मला कबूल करायला हवं. नुसतं वाचलं नव्हतं, ताडून पाहिलं होतं. माझा आनंद पहिल्या दोन रकान्यांपर्यंत टिकला. तिसऱ्यात लिहिलं होतं की लेकीच्या वेणीचं प्रकरण मूळ पुस्तकात नाहीच. अनुवादिकेनं ते पदरचं घातलं आहे. भाषा इतकी इकडच्या बायकांच्या तोंडची आहे की हे कानडी लेखिकेनं लिहिलेलं असणंच शक्य नाही. प्रकरण भावस्पर्शी आहे यात शंका नाही, पण अनुवादिकेनं आपली पायरी ओलांडू नये.

मी ते उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, आणि मग इतकी चिडले की गॅसवरचं दूध उतू गेलेलं कळलं नाही. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. चोर निदान दुसऱ्याचं घेतो. मी दुसरीच्या मेलेल्या पोरीवर आपली कलाकुसर केली, असं हा माणूस म्हणत होता.

दुसऱ्याच दिवशी कानडी पुस्तक पिशवीत घालून मी राजारामपुरीत सरांच्या घरी गेले. स्वागत उत्तम झालं. चहा आला, चिवडा आला. सर उठून आत गेले आणि पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली इंग्रजी प्रत घेऊन आले.

"हे बघा मूळ," ते म्हणाले.

"सर, हे मूळ नाही. हाही अनुवादच आहे."

"हो, म्हणजे तसं. पण प्रमाण प्रत हीच ना? जगभर हीच वाचतात."

मी पिशवीतून कानडी पुस्तक काढलं आणि ते प्रकरण उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, पान जवळ घेतलं, लांब धरलं. "किती गोल अक्षरं असतात नाही यांची," म्हणाले. "छान दिसतात."

मी म्हटलं, "सर, हे तेच प्रकरण आहे. वाचून दाखवते." आणि दाखवलं. एक ओळ कानडी, एक ओळ मराठी. मी थांबले तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी खोटं सांगत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुंदर. पण तुमच्या लक्षात येतंय का? वाचणाऱ्याही तुम्हीच आणि अर्थ सांगणाऱ्याही तुम्हीच. समीक्षकाला स्वतंत्रपणे पडताळता आलं पाहिजे."

"मग कुणालाही बोलवा. निम्मं कोल्हापूर कानडी बोलतं. तुमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला बोलतो, मी येताना त्याच्याशी बोलून आले."

"बोलणारे वेगळे, साहित्य जाणणारे वेगळे."

"आणि न बोलणारे?" मी विचारलं. सर हसले. चिवडा घ्या म्हणाले. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, हीच माझी पंचाईत होती. भांडखोर असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हा सज्जन होता, अभ्यासू होता आणि कानडी पुस्तकाची सत्यता इंग्रजीवरून ठरवणं ही त्याच्या दृष्टीनं शिस्त होती. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत चहा पुढं करत होती.

खुलासा छापा म्हणून मी पुरवणीकडे गेले. त्यांनी छापला, अगदी खाली, चौकटीत, 'अनुवादिकेचे स्पष्टीकरण' अशा मथळ्याखाली. परीक्षण पेठेत कुणी वाचलं नव्हतं, चौकट मात्र सगळ्यांनी वाचली. दुधाचा रतीब घालायला येणारे मामा दारातूनच म्हणाले, "वैनी, काय घोळ केलासा म्हणं?" समोरच्या काकूंनी तर धीर दिला. "हुतंय की चुकून. मनाला लावून घिऊ नगा." मी काहीच केलेलं नाही, हे सांगायला गेलं की माणसं अजून मायेनं बघायची. त्या आठवड्यात मी दुकानात उतरले नाही.

यापुढचं ऐकण्यासारखं आहे. काही महिन्यांनी प्रकाशक धावतच दुकानात आले. दम लागला होता, तोंडावर मात्र लग्नघरचा आनंद.

"वैनी, पुस्तक लागतंय!"

पुस्तक लागणं म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रमाला लागणं. आमच्या धंद्यात याहून मोठं सुख नाही. प्रती खपतात हे झालंच, पण शिरोळची, कोडोलीची, गावोगावची पोरं ते वाचतात. आपण चिडत, कुढत, ओट्याशेजारी बसून लिहिलेलं काहीतरी कुणीतरी परीक्षेसाठी का होईना, ओळ न् ओळ वाचतं.

"सर हाईत त्या समितीवर," प्रकाशक म्हणाले. "त्यांस्नी पुस्तक लई आवडलंय. फकस्त नवी आवृत्ती मुळाबरहुकूम करा म्हणत्यात."

"म्हणजे?"

ते दुकानातल्या गुळाच्या ढेपेकडे बघत म्हणाले, "ते तेवढं प्रकरण काढायचं. मग निर्दोष हुतंय बघा."

मी हसले. खरोखरच हसले, कारण दुसरं काय करणार? मुळाशी इमान राखायचं म्हणून मुळातलं काढायचं होतं. लेखिकेनं लिहिलेलं गाळलं की अनुवाद निर्दोष ठरणार होता. मी हे तीन-तीनदा समजावून सांगितलं. प्रकाशक मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबरच हाय वैनी. पण सरांचं काय?"

रात्री जेवताना यजमान म्हणाले, "एकच प्रकरण न्हवं? काढ की. बाकीचं तरी पोरं वाचतील. कोण बगायला बसलंय?"

यावर मी फणकारले. पण खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अडीचशे पानं पोरांच्या हातात पडणार, आणि आडवी कोण येते, तर दहा पानं. अक्कांचं नाव इकडच्या गावागावांत जाईल. माझ्या हट्टापायी मी त्यांचं नुकसान तर करत नाही? प्रकरण माझं नव्हतं, म्हणून ठेवायचं की काढायचं ते ठरवणारीही मी नव्हते. ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नव्हती. मी मिरजेला गेले, तिथून अथणीची गाडी धरली.

अक्का दाराशीच भेटल्या. मागच्या वेळेपेक्षा खूप थकल्या होत्या. मी जेवण होईपर्यंत थांबले नाही, सगळं सांगून टाकलं. परीक्षण, इंग्रजी प्रत, चौकट, समिती, सगळं. प्रकरण मी रचलं असं लोक म्हणतात, हे सांगताना माझा आवाज चढला. अक्का अजिबात चिडल्या नाहीत. त्याचाही मला राग आला.

"तू केलेलं वाच बघू," त्या म्हणाल्या.

त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, पण आईमुळे कानाला सवय होती. मी वाचायला लागले. राजारामपुरीत वाचलं होतं ते सिद्ध करण्यासाठी, इथं तसं काही नव्हतं, त्यामुळे आवाज नीट लागेना. अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. जटा सोडवायच्या जागी त्यांची बोटं मांडीवर हलत होती. 'मान सरळ ठेव' आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. मी थांबले.

"माझी आई असंच बोलायची," त्या म्हणाल्या. मी पुस्तक मिटलं. मला वाटलं विषय संपला, काढ म्हणतील. वय झालं की माणसं असल्या गोष्टी सोडून देतात.

अक्कांनी डोळे उघडले. "आणि हे काढलं की ती कॉलेजात जाईल म्हणतेस."

"पुस्तक जाईल, अक्का."

"तेच ते," त्या म्हणाल्या. "तंगी, केस विंचरल्याशिवाय, वेणी घातल्याशिवाय मी पोरीला कॉलेजात कशी धाडू?"

मला रडू फुटलं. अक्काच उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भाकरी वाढायला आत गेल्या.

परत आल्यावर मी प्रकाशकांना नाही म्हणून सांगितलं. ते नाराज झाले, तरी त्यांनी माझी पुढची पुस्तकंही छापली. माणूस चांगला. त्या वर्षी दुसरं एक पुस्तक लागलं. रशियन कादंबरी होती, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. तिचंही परीक्षण सरांनीच लिहिलं आणि अनुवाद मुळाशी प्रामाणिक असल्याचं म्हटलं. अक्कांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. उरलेल्या प्रती बरीच वर्षं आमच्या माळ्यावर होत्या, त्यांना गुळाचा वास लागला. दोन हजार सालानंतर केव्हातरी अक्का गेल्या. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही.

माझ्या नंतरच्या पुस्तकांवरही परीक्षणं येत राहिली. ओघवती, सरस, अनुवाद न वाटणारी. मी वाचायचं सोडलं असं मोठ्या तोंडानं सांगायला आवडलं असतं, पण मी दर रविवारी वाचते आणि दर रविवारी चिडते.

फक्त एक गोष्ट मला अजून छळते. वेणीचं ते वाक्य अक्का कानडीत बोलल्या. इथं लिहिलेलं मराठी माझं आहे. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि आता त्या नाहीत. हेही मीच पदरचं घातलं असं उद्या कुणी म्हणालं, तर त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे मूळ नाही.